ग्लुकोज पेंटाअ‍ॅसिटेट : प्रयोगशाळेतल्या या चुका टाळा

ग्लुकोजच्या पाचही हायड्रॉक्सिल गटांचे अ‍ॅसिटिलीकरण झाले, म्हणजे त्यांच्यावर अ‍ॅसिटिल गट बसले, की मिळणारा पांढरा स्फटिकी पदार्थ म्हणजे ग्लुकोज पेंटाअ‍ॅसिटेट. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण क्लोरोफॉर्म आणि एथिल अ‍ॅसिटेटमध्ये सहज विरघळतो. म्हणूनच ग्लायकोसाइड (साखरेला दुसरा रेणू जोडून बनणारी संयुगे) तयार करण्याची वाट बहुधा याच पदार्थापासून सुरू होते. जळगावच्या एका महाविद्यालयात हा प्रयोग मी बरीच वर्षे घेत आलो आहे आणि फसलेल्या प्रयोगाचा माग काढला, की तो बहुतेक वेळा पाण्यापाशी जाऊन थांबतो.

पहिली चूक बाटली उचलतानाच होते. ग्लुकोज मोनोहायड्रेटमध्ये वजनाने सुमारे ९ टक्के पाणी असते आणि त्या पाण्याचा प्रत्येक रेणू अ‍ॅसिटिल गट पुरवणाऱ्या अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइडचा एक रेणू वाया घालवतो. निर्जल ग्लुकोजच घ्यावे. उत्प्रेरक म्हणून घालायचे सोडियम अ‍ॅसिटेटही वितळवून निर्जल केलेले हवे. त्याचे पाणी धरून असलेले रूप, ट्रायहायड्रेट, प्रथम स्वतःच्याच पाण्यात वितळते, पाणी उडाल्यावर घट्ट होते आणि नंतर पुन्हा वितळते. या दुसऱ्या वितळण्याआधीच बर्नर बंद करणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

दुसरी चूक बर्फाची, आणि ती आमच्याकडे उन्हाळ्यात हमखास होते. ५ ग्रॅम ग्लुकोज, ४ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट आणि २५ मिली अ‍ॅनहायड्राइड वॉटर बाथवर दोन-अडीच तास तापवल्यानंतर मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओतायचे असते. एका मे महिन्यात, बाहेर ४५ अंशांच्या आसपास तापमान असताना, गच्चीवरच्या टाकीतल्या कोमट पाण्यात बर्फाचे चार तुकडे टाकून एका गटाने काम भागवले. बीकरच्या तळाशी मधासारखा चिकट गोळा बसला आणि तासभर तो तसाच राहिला. वरचे पाणी ओतून टाकून, भरपूर ठेचलेला बर्फ घालून, काचेच्या कांडीने भिंत घासत ढवळल्यावर कुठे तो गोळा पांढरा आणि दाणेदार झाला. त्यानंतर अ‍ॅसेटिक आम्लाचा वास जाईपर्यंत थंड पाण्याने धुवावे आणि इथेनॉलमधून पुनर्स्फटिकीकरण करावे.

मिळालेल्या पदार्थाचे वजन सैद्धांतिक १०.८ ग्रॅमच्या जवळ आले, म्हणजे पदार्थ शुद्ध झाला, असे मानू नये. या पदार्थाची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपे असतात, ती पहिल्या कार्बनवरच्या गटाच्या दिशेने वेगळी ठरतात. सोडियम अ‍ॅसिटेटने मुख्यतः बीटा रूप मिळते आणि त्याचा द्रवणांक सुमारे १३१ अंश असतो. निर्जल झिंक क्लोराइड वापरले की अल्फा रूप मिळते, ज्याचा द्रवणांक ११२ अंशांच्या आसपास असतो. द्रवणांक कमी आणि पसरट आला, तर दोन्ही रूपांची भेसळ झाली असावी किंवा पदार्थ ओला राहिला असावा. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) वाळवून पुन्हा मोजावे. तरीही कमी आला, तर पुन्हा स्फटिक करावेत. झिंक क्लोराइड पावसाळ्यात उघडे राहिले, तर हवेतला ओलावा शोषून पाहता पाहता पाझरते.

टीएलसीत (पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत) यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याखाली डाग दिसला नाही म्हणून घाबरू नये. या रेणूत यूव्ही शोषणारा गट नाही. प्लेटवर सल्फ्युरिक आम्लाचे इथेनॉलमधले विरल द्रावण फवारून ती तापवावी, डाग काळे उमटतात. ग्लुकोज शिल्लक आहे का हे दाखवणाऱ्या फेहलिंगच्या परीक्षेवरून मात्र निर्णय घेऊ नये, कारण उकळत्या अल्कलीत अ‍ॅसिटेट तुटतात, ग्लुकोज मोकळे होते आणि पूर्ण झालेली अभिक्रियाही अपुरी वाटू लागते.

याच पदार्थावर अ‍ॅसेटिक आम्लातल्या हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया केली, की अ‍ॅसिटोब्रोमोग्लुकोज मिळते. ते उन्हाळ्यात टेबलावर ठेवू नये. ओलावा लागला की ते आम्ल सोडत काळवंडते, म्हणून कोरडे करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावे.