भिंतीवर लावायची अमूर्त गोधडी कशी शिवावी

अमूर्त रचनेची, म्हणजे ओळखीची आकृती नसलेली, गोधडी शिवताना कागदावर आराखडा काढू नये. रचना कापडावरच, कात्रीने आणि नजरेने ठरू द्यावी. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि त्यांतील बळ अशाच मोकळ्या हाताचे आहे. आपल्याकडे वाकळ शिवणाऱ्या बायकांनाही हा हात परका नाही.

विदर्भातल्या खेड्यात सामान घरातच सापडते: विटलेली सुती लुगडी, धोतरे, शिंप्याकडची कात्रणे. सुती कापडात टेरिकॉट मिसळू नये, कारण धुतल्यावर सुती आटते, टेरिकॉट आटत नाही, आणि गोधडी चुरमडते. सारे कापड आधी धुवावे. लाल व काळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके घासून रंग उतरतो का ते पाहावे.

आता खरे काम. ओसरीच्या भिंतीवर तीन फूट लांब-रुंद पांढरी चादर ताणून तिच्यावर तुकडे टाचण्यांनी लावावेत, मग अंगणात मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहावे. रंग विरून केवळ उजेड आणि काळोख उरतो, आणि तोल कोठे ढळला ते तेव्हाच कळते. मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घेतल्यासही हेच दिसते. पहिल्या गोधडीत चारांहून अधिक रंग नकोत. फूल, मोर तर नकोतच. एक मोठा भाग मात्र निश्चयाने रिकामा ठेवावा. १९२४ साली नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे एका रंगाच्या विस्तारावर अख्खे चित्र कसे पेलतात, ते यासाठी अवश्य पाहावे. करवतकाठी लुगड्याचा काठ हाताशी असेल, तर त्याची एकच पट्टी त्या रिकाम्या जागेला धार देते. दुसरी लावल्यास ती नुसती सजावट होते.

तुकडे उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावेत, कारण तिरपे कापलेले कापड ताणले जाते. पाव इंच शिवण सोडून ते जोडावेत. खाली अस्तर, मध्ये जुने धोतर आणि वर ही रचना अशा तीन थरांना मधून कडेकडे कच्चे टाके घालावेत. नंतरचा धावदोरा तुकड्यांच्या कडांना धरून जाऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे: दोऱ्याची रेघ हे त्याच कापडावरचे दुसरे रेखाटन असते, आणि ती कडा ओलांडून गेली की दोन रचनांतला ताण दिसू लागतो.

मागच्या बाजूस वरच्या कडेला चार इंची नेफा शिवून त्यात बांबूची कामटी ओवावी. वैशाखातल्या उन्हाने रंग झपाट्याने विटतात, म्हणून थेट ऊन न येणारी भिंत निवडावी आणि पावसाळा सरल्यावर गोधडी एकदा उतरवून सावलीत वाऱ्यावर टाकावी.