अटकेनंतर वकील शोधताना या चुका टाळा

रात्री साडेअकराला फोन वाजतो. "दादाला पोलिसांनी नेलंय, काय करू?" विधी सेवा स्वयंसेविका म्हणून काम करताना गोव्यातल्या डिचोली, म्हापसा भागातून असे फोन मी बरेच घेतले आहेत. समोरच्याला मी आधी एवढंच विचारते, आतापर्यंत कुणाकुणाला फोन केलात? पंचायतीच्या पंचाला केलेला असतो, आमदाराच्या माणसाला केलेला असतो, पोलीस खात्यातल्या मावसभावालाही. वकिलाचं मात्र "उद्या सकाळी बघू" असं ठरलेलं असतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. खटल्याचं बरंचसं बरंवाईट त्या तासांत ठरतं. अटक कशासाठी, हे आरोपीला सांगितलं का? कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही घेतली का? आपल्याकडे एफआयआर आणि पंचनामे बहुतेक इंग्रजीत लिहिले जातात. मराठी किंवा कोकणीत शिकलेला माणूस घाबरून "सही कर" म्हटलं की करतो. चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. तो हक्क वापरायला दारात वकील हवा ना!

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही, हे अनेकांनी ऐकलेलं असतं आणि त्यावर ते निर्धास्त राहतात. पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, कोयता, मोबाईल, दागिना काहीही, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढं बोलणं पुराव्यात येऊ शकतं. म्हणून "काय ते सांगून टाक, सोडतील" हा घरच्यांचा सल्ला धोक्याचा आहे.

अटक व्हायच्या आधी नुसती नोटीस आली असेल तर तीही पिशवीत कोंबून ठेवू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस अनेकदा थेट अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर सहसा अटक होत नाही. न गेल्यास तेच अटकेचं कारण होतं. अटकपूर्व जामिनाचा विचार करायची वेळही हीच.

आपल्या गोव्यात एक वेगळीच चूक होते. प्रत्येक जुन्या घराचा एक वकील असतो. त्याने आजोबांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची वारसांतली वाटणी, केलेली असते, मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) दावा मामलेदारापुढे चालवलेला असतो, भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, समझोता करून दिलेला असतो. माणूस विश्वासाचा, म्हणून फौजदारी प्रकरणही त्याच्याच हातात. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली नागरी संहिता कुटुंब आणि वारसाहक्कापुरती. गुन्ह्यांचा कायदा मात्र देशभर आहे तोच. कूळ-मुंडकार कायद्यात मुरलेला माणूस उलटतपासणीत तितकाच तयार असेल असं नाही.

पाहिलेलं एक प्रकरण सांगते. मेरेवरून, म्हणजे जमिनीच्या हद्दीवरून, दोन शेजाऱ्यांत भांडण झालं, काठ्या चालल्या, दोघांनीही एकमेकांवर तक्रारी केल्या. एका घराने जमिनीचा दावा चालवणाऱ्या वकीलकाकांनाच उभं केलं. काकांनी मेर कुणाची हे फार छान मांडलं. पण दुसऱ्याच्या डोक्याची जखम किती खोल, वैद्यकीय अहवालात नेमकं काय लिहिलंय, पहिला वार कुणी केला याचे साक्षीदार कोण, याकडे कुणी वेळेत पाहिलंच नाही. त्या घराला ते भारी पडलं. अशा वेळी घरच्या वकिलालाच विचारा, "काका, फौजदारीसाठी तुम्ही कुणाचं नाव सुचवाल?" चांगला वकील याचा राग मानत नाही.

अनुभव म्हणजे सनदेची वर्षं नव्हेत. आणखी एक लक्षात ठेवा, बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे "नंबर एक क्रिमिनल वकील" अशा जाहिरातींवरून काहीच कळत नाही. थेट विचारा. सत्र न्यायालयात निकालापर्यंत खटले चालवलेत का? अशा कलमांखाली शेवटचं प्रकरण कोणतं? तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअर? शक्य असेल तर मडगाव किंवा म्हापशाच्या कोर्टात एक सकाळ जाऊन बसा. लैंगिक गुन्ह्यांसारखी बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर सुनावणी ऐकायला कुणीही जाऊ शकतं. साक्षीदाराला कोण शांतपणे आणि नेमके प्रश्न विचारतो, तासाभरात समजतं.

अमली पदार्थांच्या प्रकरणात हे आणखी खरं. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात सगळं वजनावर फिरतं. गांजा एक किलोपेक्षा कमी असला तर अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण. चरस शंभर ग्रॅमपेक्षा कमी तर अल्प, एक किलोच्या वर व्यावसायिक. व्यावसायिक प्रमाणात जामिनाच्या अटी इतक्या कडक आहेत की साधा जामीन अर्ज तिथे टिकत नाही. अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याच्या हक्काची कल्पना दिली का, नमुने कसे सील झाले, हे बारकावे या कामात मुरलेल्या वकिलालाच सुचतात. "पोराकडे थोडंसंच होतं" असं म्हणणाऱ्या आईला मी आधी वजन विचारते.

तारखा मोजायची सवयही वकिलात बघा. तपास ठरल्या मुदतीत संपून आरोपपत्र आलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गंभीर गुन्ह्यांत ही मुदत ९० दिवस, इतरांत ६०, आणि व्यावसायिक प्रमाणाच्या एनडीपीएस प्रकरणांत १८० दिवस. अर्ज करण्याआधी आरोपपत्र दाखल झालं की तो हक्क गेला. म्हणजे एका दिवसाचा आळसही नडतो. पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिल्याची, तारीख तुम्ही स्वतः घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधी घडलेला गुन्हा मात्र जुन्याच दंड संहितेखाली चालतो. वकील दोन्हीत स्पष्ट असावा.

पैशांचं बोलताना लाज नको. निकालावर अवलंबून फी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही, म्हणून "सोडवलं तरच द्या" हेही नको आणि "शंभर टक्के सोडवतो" हेही नको. "वर साहेबांना द्यावे लागतात" असं कुणी म्हणालं तर त्याच क्षणी उठा. फी कशाकशाची ते लिहून घ्या. रिमांड आणि जामीन इतकंच की पूर्ण खटला? पर्वरीला उच्च न्यायालयात जावं लागलं तर वेगळी? दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा.

वकिलाला अर्धं सांगणं ही चूक मला सर्वाधिक दुःख देते, कारण ती प्रेमापोटी होते. आई सांगते, "तो त्या रात्री घरीच होता." मग पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात तो दिसतो, मोबाईलचं लोकेशन दुसरं निघतं, आणि कोर्टात घेतलेली बाजू कोसळते. वकिलाला सांगितलेलं गुप्त ठेवायला तो कायद्याने बांधलेला आहे. म्हणून वाईटातलं वाईट आधी त्यालाच सांगा. व्हॉट्सॲप पुसू नका, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो. तक्रारदाराच्या घरी "मिटवून टाकूया" म्हणून जाऊ नका, मिळालेला जामीन त्यामुळे रद्द होऊ शकतो.

दोन मित्र एकाच प्रकरणात अडकले तर खर्च वाचवायला एकच वकील करतात. "गाडी माझी नव्हती, त्याची होती" हे एकाला म्हणायचं असेल तर तो वकील कुणाची बाजू घेणार? असं काही असेल तर वेगळे वकील करा.

वकील नेमला आणि मग फोनच उचलत नाही, तारीख कळत नाही, अशीही तक्रार येते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (कोर्टात प्रत्येक प्रकरणाला मिळणारा वेगळा क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते घरबसल्या दिसतं. आधी ते बघा, मग वकिलाशी शांतपणे बोला. तरी जमत नसेल तर वकील बदलता येतो. जुन्या वकिलाची ना हरकत घेऊन नव्याचं वकीलपत्र दाखल करायचं. फी थकली म्हणून वकील तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते स्पष्ट केलं आहे.

आणि पैसे नाहीत म्हणून कुणालाही बिनवकिलाचं उभं राहू देऊ नका. कोठडीतली व्यक्ती, बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० वर फोन करा, किंवा जवळच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा. रिमांडच्या दिवशी वकील नसेल तर आरोपीने न्यायाधीशांना तोंडी एवढंच सांगितलं तरी पुरे, "मला वकील नाही, मला वकील द्या."