उसळत्या इंटरनेट शेअरसाठी मार्केट ऑर्डर टाकू नका

कंपनीची निवड बरोबर असूनही चुकीच्या प्रकारची ऑर्डर टाकल्याने मोठा फटका बसू शकतो. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘मिळेल त्या भावाला द्या’. स्क्रीनवर दिसतो तो आधीच झालेल्या सौद्याचा भाव. तुमची ऑर्डर पोहोचेपर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असू शकतो. १३ नोव्हेंबर १९९८ रोजी अमेरिकेत द-ग्लोब डॉट कॉम या इंटरनेट कंपनीचा शेअर ९ डॉलर या किमतीने पहिल्यांदा विक्रीला आला. बाजारात तो उघडलाच ८७ डॉलरला, ९७ पर्यंत चढला आणि दिवसअखेर ६३.५० वर उतरला. नऊच्या आसपास मिळेल या आशेने मार्केट ऑर्डर टाकणाऱ्याचे काय झाले असेल, विचार करा!

म्हणून लिमिट ऑर्डरच टाका, म्हणजे ‘या भावापेक्षा जास्त देणार नाही’ अशी. शेअर हातचा गेला तरी चालेल, पैसे तर शाबूत राहतात.

स्टॉप-लॉसवरही, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत घसरला की शेअर विकण्याच्या ऑर्डरवरही, डोळे झाकून विसंबू नका. ठरवलेला भाव लागला की साधा स्टॉप-लॉस मार्केट ऑर्डर बनतो. रात्रीत वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी खूप खाली उघडला, तर विक्री त्या खालच्या भावालाच होते.

ऑर्डर रद्द केल्यावर ‘रद्द झाली’ असा संदेश येईपर्यंत दुसरी टाकू नका. दोन्ही पूर्ण होऊ शकतात.

आणि असे शेअर मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर, घेऊच नयेत असे माझे ठाम मत आहे. भाव कोसळला की ब्रोकर तुमचे शेअर परस्पर विकू शकतो.