अजिंठा-वेरूळ पाहताना या चुका टाळा

अजिंठा पाहून आलेल्या बहुतेकांना विचारा काय पाहिलं, तर उत्तर येतं, "खूप चाललो, आत फार अंधार होता, पण भारी आहे." दोष त्यांचा नाही. क्रमांक १ पासून २६ पर्यंत रांगेत चालत गेलं की दहाव्या लेण्यापर्यंत पाय आणि डोळे दोन्ही थकतात. मग जे खरं पाहायचं ते पाठीमागे राहतं. चुका ठरावीक आहेत आणि बहुतेक घरातून निघायच्या आधीच झालेल्या असतात.

वार न पाहता निघणं

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून मुंबई-पुण्याहून येणारे रविवारी वेरूळ करतात, सोमवारी अजिंठ्याला जातात आणि बंद फाटक पाहून परततात. सोमवार हाताशी असेल तर रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ असा उलटा क्रम लावा. मंगळवार मधे येत असेल तर त्या दिवशी अजिंठा ठेवा. वेरूळच्या लेण्यांजवळचं घृष्णेश्वराचं देऊळ मात्र मंगळवारीही उघडं असतं.

दोन्ही एका दिवसात उरकणं

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण ३० किलोमीटर आणि अजिंठा साधारण १००, तेही वेगळ्या दिशेला. अजिंठ्याला जायलाच अडीच-तीन तास लागतात. टूरवाले "दोन्ही एका दिवसात" म्हणतात तेव्हा प्रत्येक ठिकाणी दीड-दोन तास मिळतात, म्हणजे फोटोपुरते. अजिंठ्याला किमान चार तास आणि वेरूळला चार-पाच तास धरा. रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव सोयीचं, तिथून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. उत्तरेकडून येऊन आधी संभाजीनगर गाठणं आणि मग अजिंठ्यासाठी उलटं येणं यात अर्धा दिवस जातो.

वेरूळबरोबर दौलताबाद त्याच दिवशी जमतं, पण किल्ला सकाळी आणि लेणी नंतर असा क्रम ठेवा. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता तो चढ आणि त्यातली अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता) करणं म्हणजे स्वतःशी वैर.

अजिंठा गावात उतरणं

अजिंठा गाव आणि अजिंठा लेणी या दोन वेगळ्या जागा आहेत. गाव घाटाच्या वर आहे. लेणी घाट उतरून फर्दापूरजवळ, गावापासून दहा-बारा किलोमीटरवर. एसटीने येताना "लेणी फाटा" किंवा "टी पॉइंट" असं सांगूनच तिकीट घ्या. खासगी गाड्या टी पॉइंटलाच थांबतात आणि पुढचे साधारण चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. या टप्प्याचा वेळ कुणी धरत नाही. येताना-जाताना मिळून एक तास सहज जातो, आणि संध्याकाळी सगळे एकदम परतत असल्यामुळे रांग लागते. बससाठी सुटे पैसे ठेवा. प्रवेशाचं तिकीट ऑनलाइन काढलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, दरीत नेटवर्कवर विसंबू नये.

फाटकापासून लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला "हळूहळू येईल" म्हणून मागे सोडू नका, खालीच डोली मिळते. आत खाणं विकत मिळत नाही आणि पिशवीतून खाऊचा वास आला की माकडं बरोबर येतात. पाणी जवळ हवंच.

क्रमांकाला काळ समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लेण्यांचे क्रमांक वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दिलेले आहेत. त्यांचा काळाशी काही संबंध नाही. सगळ्यात जुनी लेणी मधे आहेत: ९, १०, १२, १३ आणि १५अ. ही सातवाहन काळातली, इसवी सनापूर्वीच्या शतकांत सुरू झालेली. बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. त्याचा मंत्री वराहदेव याने १६वं लेणं खोदवलं, त्याचा शिलालेख तिथेच आहे.

म्हणून फाटकातून आत गेल्यावर १ आणि २ ओलांडून सरळ १० गाठा. सकाळी सगळी गर्दी १ मध्येच अडकलेली असते, त्यामुळे हा भाग मोकळा मिळतो. १० हे चैत्यगृह आहे, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत स्तूप आहे, पण स्तूपावर बुद्धमूर्ती नाही. हे लक्षात ठेवून १९ आणि २६ मध्ये जा. तिथेही स्तूपच आहे, पण त्याच्या दर्शनी बाजूला बुद्ध कोरलेला आहे. मधली पाच-सहा शतकं या एका फरकात दिसतात. त्यासाठी गाइड लागत नाही, फक्त क्रम बरोबर हवा.

दहाव्याच लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख आहे. लोक ती डोळ्यांच्या उंचीवर शोधतात आणि सापडत नाही म्हणून निघून जातात. वर पाहा. तेव्हा लेण्यात दगडमातीचा भराव होता आणि तो त्यावर उभा होता, म्हणून नाव आता डोक्याच्याही वर गेलंय.

१० नंतर १६, १७, १९, २४, २६ आणि परतताना २ आणि १. इतकं पुरे. २४ हे अपुरं म्हणून सगळे टाळतात, पण लेणं कसं कोरतात ते तिथेच कळतं: छताकडचं काम पुढे गेलेलं, खालचा भाग अजून कच्चा दगड. काम वरून खाली होतं, त्यामुळे परांची लागत नाही. २६ मध्ये डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची, म्हणजे अखेरच्या क्षणी आडव्या झालेल्या बुद्धाची, सुमारे सात मीटर लांब मूर्ती आहे. घाईने येणारे समोरच्या स्तूपाकडे पाहून परततात आणि ती चुकते. मूर्तीच्या खालच्या ओळीत रडणारे भिक्षू आहेत आणि वर आनंदाने येणारे देव. दोन्ही पाहिल्याशिवाय हलू नका.

आत शिरताच मोबाईल काढणं

उन्हातून आत आल्यावर चित्रं दिसत नाहीत, कारण डोळ्यांची बाहुली आकसलेली असते आणि अंधाराला सरावायला तिला आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेळ लागतो. पहिली सात-आठ मिनिटं भिंतीसमोर नुसतं उभं राहा. मोबाईलचा उजळ पडदा पाहिलात की हा सराव पुन्हा पहिल्यापासून. लोक दोन मिनिटांत फोटो काढून "काही दिसत नाही" म्हणत बाहेर येतात, त्याचं कारण हेच. फ्लॅशला बंदी आहे आणि ती पाळायलाच हवी. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये बाहेरची फरशी तापते, जाड मोजे पिशवीत असू द्या. गर्दी असली की माणसं थोडी-थोडी सोडतात, तेव्हा चिडू नका: श्वासातली ओल आणि उष्णता चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्याला सोसत नाही.

हा गिलावा समजला तर चित्रंही समजतात. माती, भुसा आणि वनस्पतींचे धागे यांचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. ओल्या चुन्यावर रंगवलेली ही भित्तिचित्रं नाहीत. "झाडपाल्याचे रंग" असं हमखास कानावर पडेल, ते चूक आहे. लाल आणि पिवळा गेरू, पांढरी माती, हिरवी माती, निळ्यासाठी अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द, हे सगळे खनिज रंग आहेत. काळा तेवढा काजळीचा. काही चित्रांवर दिसणारी पिवळट झाक मूळची नाही. १९२० च्या दशकात निझामाच्या काळात इटालियन तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी लाखेचं वार्निश चढवलं, ते नंतर पिवळं पडलं.

चित्रं डावीकडून उजवीकडे वाचणं

भिंतींवरच्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, कॉमिकसारख्या वाचायला गेलात की गोंधळ होणारच. अजिंठ्याच्या चित्रकाराने प्रसंग अनेकदा काळाने लावलेले नाहीत, जागेने लावलेत. राजवाड्यातले प्रसंग एकत्र, जंगलातले एकत्र. तोच माणूस एका भिंतीवर तीन-चार वेळा दिसतो. उपाय सोपा आहे: आधी वास्तू ओळखा (खांबांचा मंडप म्हणजे राजवाडा, खडकांचे ठोकळे म्हणजे डोंगर किंवा वन), मग मुकुटावरून आणि अंगाच्या रंगावरून नायक शोधा, मग तो किती वेळा येतो ते मोजा. १ मध्ये महाजनक जातकावर हे करून पाहा. नर्तकी नाचतेय तो दरबार आणि घोड्यावरून नगराच्या दारातून निघालेला राजा, दोन्ही ठिकाणी माणूस एकच आहे, बघण्याची गरज आहे ती मधल्या बदलाची.

याच लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशी डावीकडे हातात निळं कमळ घेतलेला पद्मपाणी आणि उजवीकडे वज्रपाणी आहे, दोघे बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचे. छापील प्रतिकृतींमुळे सगळे पद्मपाणीसमोर गर्दी करतात आणि वज्रपाणी रिकामा मिळतो. तिथून सुरुवात करा. १७ ला जास्त वेळ द्या. व्हरांड्यातलं भवचक्र (जन्म-मृत्यूच्या फेऱ्याचं चित्र), विश्वंतर जातक आणि उजव्या भिंतीवरची सिंहल अवदानाची राक्षसिणींच्या बेटाची गोष्ट तिथे आहे.

वेरूळला १६ पाहून परतणं

वेरूळला क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. इथेही क्रमांक म्हणजे काळ नव्हे. २१ आणि २९ ही काही बौद्ध लेण्यांच्याही आधीची मानली जातात. फाटकासमोरच १६वं, म्हणजे कैलास असल्यामुळे बरेच जण तिथून मागे फिरतात.

आणि कैलासातही नेमकी चूक होते ती आत शिरून सरळ वर मंडपात जाण्याची. आधी खालून पूर्ण प्रदक्षिणा घाला. पायथ्याच्या हत्तींवर सगळा भार तोललाय असं वाटतं ते खालूनच. दक्षिणेला कैलास हलवणारा रावण आहे. त्या बाजूच्या भिंतीवर रामायण आणि उत्तरेच्या भिंतीवर महाभारत कोरलंय. मग कडेच्या ओवऱ्या, आणि शेवटी मंडप. इमारत बांधलेली नाही, पहाडातून उरलेली आहे: राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली खोदत. परग्रहवासी वगैरे ऐकलंत तर हसून पुढे जा.

लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणजे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. फाटक उघडताच कैलास मोकळा पाहून घ्या, मग जैन लेण्यांकडे बसने जा. ती दीड-एक किलोमीटर उत्तरेला आहेत. तिथे ३२वं, इंद्रसभा नावाचं लेणं चुकवू नका. ज्याला लोक इंद्र म्हणतात तो हत्तीवर बसलेला यक्ष आहे, नाव नंतरचं. दुपारी बौद्ध लेणी: १०वं, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात, कारण छताला दगडात लाकडी फासळ्या कोरल्यात. मग १२, तीन मजली. चारनंतर पुन्हा कैलासाच्या दाराशी या, तेव्हा ऊन दर्शनी भिंतीवर पडतं. तिकीट फेकू नका, पुन्हा दाखवावं लागतं.

घृष्णेश्वराला गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला वरचा कपडा काढावा लागतो आणि मोबाईल आत नेता येत नाही. म्हणून लेण्यांआधी दर्शन घ्यायचं असेल तर कॅमेरा गाडीत ठेवायची सोय बघा, नाहीतर एक माणूस बाहेर पिशव्या सांभाळत बसतो.