ज्येष्ठांच्या वीज-गॅस मदतीचे अर्ज : या चुका टाळा

कोल्हापुरातील पेठांमधल्या वृद्धांचे अर्ज मी बरीच वर्षे भरून देत आहे, आणि त्यांतले बहुतेक एकाच जागी अडतात. घरात आजोबा राहतात, मीटर मात्र त्यांच्या वडिलांच्या नावावर असते, आणि ते वडील जाऊन तीस वर्षे झालेली असतात. बिल वेळेवर भरले जाते, म्हणून कोणालाच त्याचे काही वाटत नाही.

मंगळवार पेठेतील एका निवृत्त गुरुजींनी ठेव मोडून पंतप्रधान सूर्यघर योजनेतून गच्चीवर २ किलोवॉटचा सौर वीजसंच बसवला. या योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा अधिक क्षमतेला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. संच बसवणाऱ्या माणसाने ‘नाव काय, नंतर बदलता येते’ असे सांगून दिवंगत वडिलांच्याच नावे अर्ज भरला. संच सुरू झाला, बिल उतरले, पण बिलावरचे नाव आणि पासबुकावरचे नाव जुळेना, त्यामुळे अनुदान अडकले. मृत्यूचा दाखला, मिळकत पत्रिका आणि पुण्याच्या बहिणीचे संमतीपत्र जमवून महावितरणकडे नाव बदलून घेईपर्यंत आठ महिने गेले, आणि त्या काळात गुरुजी दर आठवड्याला पासबुक भरून आणत. ते पाहवत नसे. तेव्हापासून अर्जदाराचे नाव छापलेले नवे बिल हातात आल्याशिवाय मी सूर्यघरचा अर्ज उघडत नाही; घाई करणाऱ्या मुलांना ‘पुढच्या महिन्यात या’ असे स्पष्ट सांगतो.

गॅसचेही तसेच आहे. राज्याने २०२४ साली सुरू केलेल्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला ३ सिलिंडर मोफत मिळतात, पण जोडणी महिलेच्या नावावर हवी. शिवाय ही मदत लाडकी बहीण योजनेच्या किंवा उज्ज्वला, म्हणजे गरीब घरांतील महिलांसाठीच्या केंद्राच्या गॅस योजनेच्या लाभार्थींनाच मिळते. लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ असल्याने सत्तरीच्या आजींना उज्ज्वला जोडणीचाच आधार उरतो. सिलिंडर घेताना पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि पैसे नंतर खात्यात येतात, हे त्यांना आधीच सांगावे.

खाते कोणते, हाही प्रश्न असतोच. आजींची तीन खाती असली, तर आधारद्वारे येणारी रक्कम थेट लाभासाठी शेवटी जोडलेल्या खात्यातच जाते. केवळ आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे ती जोडणी होत नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते, आणि मी अर्जाआधी तीच पाहतो.

‘साठी ओलांडली की वीजबिल निम्मे’ अशा संदेशांवर विश्वास ठेवू नये. घरगुती वीजदर वयावर नव्हे, तर १ ते १००, १०१ ते ३०० अशा युनिटांच्या टप्प्यांवर ठरतो.

‘आज रात्री वीज तोडू’ असा संदेश एखाद्या खासगी मोबाइलवरून आला, तर त्यातली लिंक उघडू नये. महावितरणच्या १९१२ या मदत क्रमांकावर विचारावे.