भंगारातले ग्राइंडिंग व्हील: फिरवू नका, धारेचा दगड करा

भोसरी-पिंपरीच्या टूलरूममधून (कारखान्यातल्या अवजारे बनवण्याच्या विभागातून) निघालेली सरफेस ग्राइंडरची, म्हणजे धातूचा पृष्ठभाग सपाट घासणाऱ्या मशीनची, व्हील भंगारात मिळतात. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारातही एखादे हाती लागते. त्यात माल बराच शिल्लक असतो, पण ते घरच्या बेंच ग्राइंडरवर चढवू नका. २,८०० आरपीएमला २०० मिमी व्हीलची कड सेकंदाला सुमारे २९ मीटर वेगाने धावते. व्हील कुठे आपटले होते हे भंगारवाल्याला माहीत नसते. ठोकून आवाज ऐकला तर चीर बहुधा कळते, पण कूलंट (मशीनवर थंडाव्यासाठी सोडतात ते तेल-पाणी) पिऊन एका बाजूला जड झालेले व्हील त्यातून कळत नाही.

धारेचा दगड म्हणून मात्र ते वर्षानुवर्षे चालते. घेताना शिक्का वाचा. ‘एए ६० के ५ व्ही’ म्हणजे पांढरे अॅल्युमिनियम ऑक्साइड, ६० नंबरचा दाणा, के ग्रेड (दाणे किती घट्ट धरले आहेत ते), ५ नंबरची रचना (दाण्यांमधली मोकळी जागा) आणि शेवटी व्हिट्रिफाइड बाँड, म्हणजे भट्टीत भाजलेला काचेसारखा जोड. शेवटी ‘बी’ असेल तर ते रेझिनचे. ते सोडून द्या. शिक्का पुसला असेल तर बोअरमध्ये (मधल्या भोकात) बोट घालून व्हील उचला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. सुके, धड व्हिट्रिफाइड व्हील खणखणते, रेझिनचे बद्द वाजते. ६० दाणा कोयता, खुरपे, कुऱ्हाडीसाठी ठीक. स्वयंपाकघरातल्या सुरीला तो फार भरड.

आधी तेल काढा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून व्हील दिवसभर बुडवा, तवंग यायचा थांबेपर्यंत पाणी बदला. तेल राहिले तर लोखंडाचा कीस छिद्रांत चिकटतो आणि दगड घासण्याऐवजी घसरतो. उकळते पाणी ओतू नका, व्हील तडकते.

मग व्हील कापून पट्ट्या करायच्या. कापायचे तेही ओलेच. रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवा, सकाळी निथळू द्या. सच्छिद्र असल्याने ते पाणी धरून ठेवते आणि धूळ निम्म्याहून कमी उडते. कापताना चालू अँगल ग्राइंडरवर पाणी ओतण्याचा धोकाही टळतो. तरी एन-९५ मास्क आणि गॉगल हवाच, आणि काम अंगणात किंवा गच्चीवर करा.

१८० मिमीपर्यंत झिजलेले, ३१.७५ मिमी बोअरचे व्हील घ्या. मध्यापासून दोन्ही बाजूंना १८ आणि ४५ मिमीवर एकमेकींना समांतर अशा चार रेषा पेन्सिलने आखा. दोन्ही तोंडांवर रेषा तंतोतंत समोरासमोर आल्या पाहिजेत, नाहीतर तुकडा तिरका फुटतो. ४ इंची अँगल ग्राइंडरला अखंड कडेचे डायमंड ब्लेड लावून प्रत्येक रेषेवर ४ ते ५ मिमी खोल खाच पाडा, दर फेरीला मिलिमीटरभरच. घाईने खोल घातले की ब्लेड अडकते आणि चीर थेट बोअरकडे धावते. आधी बाहेरच्या, मग आतल्या रेषा फोडा: रेष लाकडाच्या कडेवर आणून हलका ठोका द्या. सुमारे २५ मिमी रुंद, १५० मिमी लांब दोन पट्ट्या आणि बाहेरच्या गोल कडेच्या दोन चंद्रकोरी मिळतात. बोअरची मधली पट्टी ठेवून द्या. डायमंड ब्लेड बोथटले की तीच व्हाइसमध्ये धरून त्यात पाच-सहा उथळ खाचा पाडल्या की नवे हिरे उघडे पडतात.

पट्टीचे तोंड सपाट करायला शहाबादी फरशीचा तुकडा, पाणी आणि चिमूटभर ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर पुरे. पट्टीवर पेन्सिलच्या आडव्या-उभ्या रेघा मारा आणि आठाच्या आकड्यात घासा. मधल्या रेघा राहिल्या तर मध्ये खळगा आहे, घासत राहा. एकाच जागी घासले तर फरशी खोलगट होते आणि पट्टी फुगीर निघते.

खरी मौल्यवान वस्तू चंद्रकोर. बाजारातला सरळ दगड विळ्याच्या आतल्या वळणाला टेकत नाही, त्याची टोके अडतात आणि मधली धार तशीच राहते. चंद्रकोरीची बाहेरची गोल कड बरोबर तिथे बसते. विळा व्हाइसमध्ये धरा, कड पाण्याने ओली करा आणि उतार असलेल्या बाजूनेच, आहे तोच कोन धरून, मुठीकडून टोकाकडे एका दमात फिरवा. दुसऱ्या बाजूला बर (धारेवर वळून आलेली धातूची बारीक कड) बोटाला लागली की थांबा. तिथे दगड पूर्ण सपाट ठेवून दोन हलके हात मारा. दातेरी विळ्याला हा दगड लावू नका, दात जातात.

धुतलेला गाळ मोरीत सोडू नका. बादलीत बसू द्या, वरचे पाणी ओता आणि खालचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.