ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताय? वायरिंगच्या या चुका टाळा

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला की सुटे भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तर खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. मग त्याच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच आणि पेडल आणून बसवायचं ठरतं. (आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या, नंतर नाही.) लोखंडाचं काम चांगला मेकॅनिक उरकतो. खरं रडगाणं त्यानंतर सुरू होतं: सेल्फ फिरत नाही, रिव्हर्स लाइट लागत नाही, किल्ली निघत नाही आणि चेक इंजिनचा दिवा विझायचं नाव घेत नाही.

यातली बहुतेक दुखणी एकाच सवयीतून येतात. गिअरबॉक्स उतरवताना कपलर ओढून काढले जातात आणि ‘ऑटोमॅटिकच्या वायरी आता काय कामाच्या’ म्हणून हार्नेस (वायरींचा जुडगा) टेपात गुंडाळून ठेवला जातो. त्यातल्या निम्म्या वायरींचा संबंध गिअरशी नसतो, गाडी चालू होण्याशी असतो.

उतरवण्याआधी नकाशा काढा

ऑटोमॅटिकच्या सिलेक्टर शाफ्टवर इनहिबिटर स्विच असतो, त्यालाच न्यूट्रल सेफ्टी स्विच म्हणतात. गाडी फक्त पी (पार्क) किंवा एनमध्येच (न्यूट्रल) सेल्फ घेते ती याच्यामुळे. रिव्हर्स लाइट लावणं, मीटरवर गिअर दाखवणं आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, ‘गाडी न्यूट्रलमध्ये आहे’ हे कळवणं, हीही कामं बहुतेक गाड्यांत तोच करतो.

गिअरबॉक्स जागेवर असतानाच त्याचा कपलर सोडवा, मल्टीमीटर बीपवर (वायर जोडली असेल तर आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि लिव्हर पी, आर, एन, डीमध्ये फिरवत कोणत्या दोन पिना जुळतात ते लिहून घ्या. पी आणि एन दोन्हींत जुळणारी जोडी स्टार्टची, फक्त आरमध्ये जुळणारी रिव्हर्स लाइटची. पिनांसमोर वायरींचे रंग लिहा, फोटो काढा. गिअरबॉक्स एकदा भंगारात गेला की हीच माहिती दहापट वेळ घेते. मॅन्युअल गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच साधा दोन पिनांचा असतो. तो या आरच्या जोडीला जोडला की लाइटचा विषय संपला.

‘डायरेक्ट’ करू नका

सेल्फ फिरत नाही म्हटल्यावर इलेक्ट्रिशियन स्टार्टच्या दोन वायरी पिळून एक करतो. गाडी चालू होते, सगळे खूश. पण आता ती पहिल्या गिअरमध्ये असतानाही चालू होते. भिंतीकडे तोंड करून गिअरमध्ये लावलेल्या गाडीची किल्ली कुणी खिडकीतून हात घालून फिरवली तर काय होईल, ते सांगायला नको. त्या दोन वायरींमध्ये क्लच पेडलचा स्विच आलाच पाहिजे.

आता पुढची चूक. काही गाड्यांत या वायरीतून फक्त रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) किरकोळ प्रवाह जातो, तर काहींत सेल्फच्या सोलेनॉइडचा (सेल्फ जोडणाऱ्या विद्युतचुंबकाचा) पूर्ण प्रवाह. वायर जाड असेल तर पेडलवरचा बारका स्विच तिच्यात थेट टाकू नका, त्याचे कॉन्टॅक्ट जळतील. चार पिनांचा रिले घ्या: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून सोलेनॉइडला, ८६ ला किल्लीची स्टार्टची वायर, आणि ८५ ची अर्थ क्लच स्विचमधून.

क्रूझ कंट्रोल असेल तर त्याला वेगळा स्विच लागतो. स्टार्टचा स्विच पेडल दाबल्यावर जुळतो, क्रूझचा दाबल्यावर तुटतो. दोन्ही कामं एकाच स्विचवर ढकलली तर क्रूझवर क्लच दाबताच इंजिन रेस होतं.

ईसीयूला फसवण्याचे उद्योग

गिअरबॉक्सचा कंप्युटर वेगळा असेल तर काम तुलनेनं सोपं. तो इंजिनाच्या ईसीयूतच असेल तर गिअरबॉक्समधले सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेचे व्हॉल्व्ह) आणि सेन्सर गायब झाल्यावर पी०७०५, पी०७१५, पी०७५० असे बिघाडाचे कोड येतात, कधी गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीवर चालते. मग कुणीतरी सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर लावायला सांगतो. साध्या ऑन-ऑफ सोलेनॉइडचा रोध बऱ्याचदा १२ ओहमच्या आसपास असतो. १४ व्होल्टवर १२ ओहमचा रेझिस्टर १६ वॅटहून जास्त उष्णता सोडतो, त्यामुळे पाव वॅटवाला लगेच जळतो. मोठा लावला तरी गिअरचं गुणोत्तर जुळत नसल्याचा पी०७३० त्यानं जात नाही. माझ्या मते हा वेळेचा अपव्यय आहे. त्याच इंजिनाचा, त्याच वर्षाचा मॅन्युअल ईसीयू शोधा. मात्र इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर दुसऱ्या गाडीतून आणलेला ईसीयू तुमच्या किल्लीला ओळखणार नाही, तो जुळवून देणारा माणूस आधी गाठा.

कॅन बसवर (गाडीतले कंप्युटर ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात तिच्यावर) चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचा मॉड्यूल नुसता काढून टाकू नका. यू०१०१, म्हणजे त्याच्याशी संपर्क तुटल्याचा कोड, येईलच. शिवाय काही गाड्यांत बसच्या तारा त्या मॉड्यूलमधूनच पुढे जातात. बॅटरी काढून कॅन-हाय आणि कॅन-लोमध्ये रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर बसच्या टोकाचा एक रेझिस्टर मॉड्यूलबरोबर गेला किंवा तार तुटली.

स्पीडोमीटर मेलेला असेल तर सेन्सरचा प्रकार बघा. दोन वायरींचा सेन्सर बहुधा एसी लहर देतो, तीन वायरींचा हॉल सेन्सर चौकोनी पल्स. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. काटा हलतोय पण वेग चुकीचा दाखवतोय, तर फेरीमागच्या पल्सची संख्या वेगळी आहे.

किल्ली निघत नसेल तर ती लिव्हर पीमध्ये जायची वाट बघतेय. इग्निशन लॉकजवळचा, किल्ली अडवून धरणारा इंटरलॉक सोलेनॉइड बऱ्याच गाड्यांत कपलर काढला की मोकळा होतो. काहींत उलटं असतं, म्हणून आधी मल्टीमीटर लावा.

आणि गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी परत लावली का? ती राहिली तर सेल्फचा प्रवाह क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धुरावते. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थच्या वायरी आणि त्यांचे बोल्ट घासून पुन्हा घट्ट करा.